पंजाबरावांनी मिटवलेलं नाटक

नांदगाव खंडेश्वरच्या हरिहर महाराजांनी वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी 'नवोदित नाटककार' व्हायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात आधी हसली ती त्यांची बायको चारुशीला. "चाळिशीचा चष्मा लागला, अन् आता नवोदित?" असं म्हणून तिनं पोळी तव्यावर टाकली. हरिहरांना राग आला नाही. बायको हसली म्हणजे तिची हरकत नाही, एवढं त्यांना सोळा वर्षांच्या संसारात कळलं होतं.

त्यांचं काम भिक्षुकीचं. आता लग्न लावणाऱ्या भटजीला जेवढं नाटक फुकटात पाहायला मिळतं, तेवढं मुंबईच्या शेठजीलाही मिळत नसेल. मुहूर्त टळत चाललाय आणि व्याही रुसून बैलगाडीत जाऊन बसलेत, असे प्रसंग हरिहरांनी पन्नासदा पाहिले होते. त्यातूनच त्यांनी तीन अंकी नाटक लिहिलं, 'रुसलेले व्याही'.

एकसष्ट साली पेपरात बातमी आली. अकोल्याला नव्या नाटककारांसाठी दहा दिवसांचं शिबिर भरणार, नागपूरचे भगवंतराव शिकवणार, जागा फक्त बारा. नाटक लिहायला कोणी शिकवतं, हेच हरिहरांना नवल वाटलं. मंत्र शिकवायला त्यांना वडील होते. नाटक शिकवायला कोणी नव्हतं. ही जागा मिळाली नाही तर आपण जन्मभर अंदाजानंच लिहीत राहू, असं त्यांना वाटू लागलं आणि जेवणावरून मन उडालं. अट एकच होती: नाटकाचा एक तरी प्रयोग झालेला असावा, आणि गावच्या हेडमास्तरांनी त्याचा अहवाल लिहून द्यावा.

प्रयोग बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, शाळेच्या पटांगणात ठेवला. शालिकराम शिंपी वरबाप झाला. पहिल्या अंकात वराच्या म्हाताऱ्या काकाला पागोटं द्यायचं वधूपक्ष विसरतो, वरबाप ताटावरून उठतो आणि "वरात माघारी नेतो" म्हणतो. त्यावर पुढचे दोन अंक उभे होते.

समोर पहिल्याच रांगेत शेजारच्या गावचे पंजाबराव पाटील बसले होते. पंजाबरावांनी उभ्या हयातीत एकही वरात माघारी जाऊ दिली नव्हती. शालिकराम ताटावरून उठला तसे तेही उठले, काठी टेकत स्टेजवर चढले, स्वतःच्या डोक्यावरचं पागोटं काढलं आणि काकाच्या डोक्यावर ठेवलं.

"झालं? आता कावून रुसून राहिला? बस जेवाले."

शालिकरामाचे सगळे संवाद पाठ होते. पण पाटलांच्या घरचे कपडे तोच शिवायचा. तो मुकाट्यानं ताटावर बसला. पटांगणात टाळ्या पडल्या, बायकांनी विहिणीची गाणी सुरू केली आणि मंडळी समाधानानं उठून बाजाराला गेली. विंगेत दोन अंक तसेच उभे राहिले.

हेडमास्तर वामनराव खोट्याला शिवायचे नाहीत. हरिहरांनी त्यांना दोन शब्द बरे लिहा म्हणून विनवलं, तरी त्यांनी लिहिलं ते असं: "नाटक अठ्ठावीस मिनिटांत संपले. प्रेक्षकांपैकी एकाने भांडण मिटवले. सर्व संतुष्ट." हरिहरांनी देवाचं नाव घेऊन तोच कागद अकोल्याला पाठवला आणि जागेवर पाणी सोडलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. निवड झाली होती.

अकोल्याला पहिल्या सकाळी भगवंतरावांनी त्यांना उभं केलं. बाकीची अकरा कॉलेजची पोरं, हरिहरांना 'काका' म्हणणारी. "चाळीस अहवाल वाचले मी," भगवंतराव म्हणाले, "एकूण एक प्रेक्षक मंत्रमुग्ध. तुमचा एकटाच उठून स्टेजवर आला. त्या पाटलांचं चुकलं असं वाटतं तुम्हाला?"

"नाही," हरिहर म्हणाले. "त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं."

"मग चूक तुमची. एका पागोट्यात मिटणारं भांडण तीन अंक चालवू नये. पंजाबरावांना मिटवता येणार नाही असं भांडण लिहा."

हरिहरांनी हे वाक्य वहीत उतरवून घेतलं. पुढचे नऊ दिवस त्यांनी शाळकरी पोरासारखे मजेत काढले. प्रवेश कसा करावा, उजेड कुठून टाकावा, पात्रानं गप्प कधी बसावं, सगळं गिरवलं. आणि लिहिलेलं प्रत्येक भांडण मनातल्या मनात पंजाबरावांपुढं ठेवलं. सहा भांडणं पाटलांनी मिटवली. सातवं टिकलं.

ते पुढच्या वर्षी अमरावतीच्या स्पर्धेत उभं राहिलं. हरिहर अक्षता घेऊन पाटलांच्या घरी स्वतः आमंत्रणाला गेले होते. गोष्ट साधी होती. नव्या सुनेला मास्तरीण व्हायच्या ट्रेनिंगला जागा मिळते, आणि त्याच महिन्यात सासू लकवा होऊन अंथरुणाला खिळते. सून वाईट नाही, सासूही वाईट नाही, नवरा दूर मुंबईच्या गिरणीत, घरात तिसरं माणूस नाही.

सून ट्रेनिंगचं पत्र घेऊन सासूच्या खाटेपाशी येते, त्या प्रवेशात हरिहर विंगेतून नाटक पाहतच नव्हते. ते पंजाबरावांकडे पाहत होते. पाटील उठले. मागून कोणी म्हणालं, "पाटील, बसा, आमाले दिसून नाही राहिलं." पाटील तसेच उभे राहिले. एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा सासूच्या खाटेकडे, पुन्हा सुनेकडे. मग हळूच खाली बसले आणि शेल्यानं डोळे पुसले.

प्रयोग संपल्यावर ते तणतणत आत आले. "महाराज, हे असं कावून लिवलं? दोघीबी खऱ्या हायेत. मी कोनाच्या बाजूनं बोलू?"

हरिहर वाकले आणि त्यांनी पाटलांच्या पायांवर डोकं ठेवलं. महाराजानं पाटलाच्या पाया पडायची रीत वऱ्हाडात कुठंच नव्हती. पंजाबराव दचकून मागं सरले.

"काय करून राहिले महाराज हे?"

"काही नाही, पाटील," हरिहर म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं. "गुरूच्या पाया पडून राहिलो."