मधली खुर्ची

ऐरोलीच्या त्या दवाखान्यात एक आजोबा बायकोपासून एक खुर्ची सोडून बसले होते. मधल्या खुर्चीवर पिशवी ठेवलेली. अल्झायमरमुळे आजी त्यांना ओळखत नव्हत्या. परका पुरुष शेजारी बसला म्हणून अंग चोरून पदर डोक्यावर ओढायच्या.

मी वडिलांना दाखवायला गेलो होतो. डॉक्टरांकडून नुकतंच ऐकलेलं आजोबांना सांगितलं, की या आजारावर मेंदूतला कचरा साफ करणाऱ्या पेशी मूळ पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवून मेंदूत सोडायचं संशोधन चालू आहे.

"कोनाच्या पेशी?"

"पेशंटच्या रक्तातूनही बनवता येतात म्हणे."

"तिच्याच रगताच्या? मंग वळखतील मला."

"पण अजून बराच वेळ लागेल."

"लागू द्या."

गर्दी वाढली. एकाने पिशवीकडे बोट दाखवलं. "इथे कोणी आहे का?"

"हाय ना," आजोबा म्हणाले. "मी."