एक शेगडी वर, एक खाली

श्रावणजी कोणाच्याही घरी आधी दारातून येत नसत. खांद्यावरचा दुपट्टा ओला करून, हातावर लटकवून ते घराभोवती एक चक्कर मारायचे. प्रत्येक खिडकीशी, दाराच्या फटीशी जरा थांबायचे, दुपट्टा कुठल्या अंगाला हलतो ते बघायचे आणि मगच पुढची कडी वाजवायचे. मला हे काहीच ठाऊक नव्हतं. अकोल्यात हायस्कुलात लागून पंधरा दिवस झाले होते, घर भाड्याचं, आणि भरदुपारी एक उंच, काळासावळा माणूस माझ्या मागच्या खिडकीला तोंड लावून उभा. मी छत्री उगारून धावलो.

"घर नाई पाहून राह्यलो, मास्तर," तो शांतपणे म्हणाला. "वारा पाहून राह्यलो. घरमालकानं धाडलं मले."

छत्री उगारलेलीच राहिली. त्या छत्रीवरून ते पुढे कित्येक वर्षं माझी फिरकी घेत.

श्रावणजी जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, सुतार होते. कापसाचा हंगाम संपून जीन बंद पडलं की ते उन्हाळाभर लोकांच्या खिडक्यांना पाणी मारून गारवा देणाऱ्या वाळ्याच्या ताट्या बांधून देत. ताट्या बांधणारे गावात आणखीही होते, पण बांधलेली ताटी पुन्हा बघायला येणारे हे एकटेच. दर आठवड्याला यायचे, ताटीत कोपरापर्यंत हात घालायचे आणि विरळ झालेल्या जागी बोट ठेवून म्हणायचे, "इथं टक्कल पडलं पाहा." वाळ्याला कुबट वास आला तर ताटी काढून दिवसभर उन्हात उभी करायला लावायचे. आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी दहाला सगळं घर गच्च बंद करायची रीत. श्रावणजींचं आणि या रीतीचं कधी जमलं नाही. ताटीच्या समोरची खिडकी ते हटकून उघडायचे आणि बायका ती हटकून लावायच्या.

"वारा म्हंजे पावना हाय," ते समजावत. "त्याले येन्याले जागा देल्ली, तशी जान्यालेबी द्या लागते. नाई त तो घरातच बसते अन घामट करते."

एकोणीसशे साठनंतर पंख्याचे कूलर निघाले. लाकडी खोका, तीन बाजूंना वाळा, आत पंखा. श्रावणजी तेही करायला शिकले, आणि चांगले करायचे. लोक कूलर लावून दारं-खिडक्या लावून घ्यायचे आणि आत निथळत बसायचे. मग श्रावणजींना बोलावणं. ते मागची खिडकी उघडायचे, चहा प्यायचे आणि निघताना म्हणायचे, "मशीन नवं आनलं, अक्कल जुनीच ठेवली." कोणाला राग येत नसे, कारण तोवर अंगावरचा घाम सुकलेला असायचा. आता ते नाहीत. कूलर मात्र गल्लोगल्ली झाले आहेत, आणि बंद खिडक्याही तेवढ्याच.

पण मला श्रावणजी आठवतात ते कूलर यायच्या आधीच्या एका मे महिन्यातले. मालती, माझी बायको, घरीच बाळंत झाली होती. तिला माहेर उरलं नव्हतं म्हणून तिवस्याहून माझी आई आली होती. चौथ्या दिवशी मुलगा तापलेला, अंगावर पीत नाही, रडत नाही. मालतीचं डोकं जड, सारखी ओकारी. डॉक्टर सकाळी येऊन गेले, म्हणाले, उन्हाची बाधा आहे, खोली थंड ठेवा. मी धावत जाऊन श्रावणजींना आणलं. तासाभरात त्यांनी बाळंतिणीच्या खोलीच्या पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून ताटी बसवली आणि पाणी मारलं. आत जायचा प्रश्नच नव्हता. मग नेहमीप्रमाणे दुपट्टा घेऊन मागे गेले. तिथल्या लहान खिडकीत आईने पोतं कोंबलं होतं. श्रावणजींनी फटीशी हात धरला, नाक नेलं, आणि लगबगीने परत आले.

"मास्तर, आत इस्तो हाय का?"

"शेगडी आहे. बाजेखाली. बाळंतीण आहे ना."

त्यांनी हातातला लोटा खाली ठेवला. "मंग मी पानी नाई मारत. खालून इस्तो अन वरून वल्ला वारा, हे काय खोली थंड करनं हाय? भात शिजोनं हाय."

मी शाळेत मुलांना बाष्पीभवन शिकवत होतो. बंद खोलीत कोळशाचा विषारी धूर कोंडतो, हाही एक धडा होता. चार दिवस मी त्या शेगडीत स्वतःच्या हाताने कोळसे घालत होतो, आणि माझ्या डोक्यात काही म्हणता काही आलं नव्हतं. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

आई दाराआडून सगळं ऐकत होती. "शेगडी हालनार नाई," ती म्हणाली. "गार वारा लागला त पोरीची जन्माची कंबर जाईन. म्या सात बाळंतपनं शेगडीवरच काढली."

मला वाटलं, आता जुंपणार. श्रावणजी दाराशी आले, पाठ वळवून उभे राहिले आणि अगदी हळू बोलले.

"माय, तुमचं खरं हाय. पन तुमचं तिवस्याचं घर धाब्याचं. वरतं हातभर माती. इथं वरतं टिन हाय. एक शेगडी वर पेटली, एक खाली. दोहीतली एक काढा. वरची काढता येत असन त खालची राहू द्या."

आतून बाज सरकवल्याचा आवाज आला. मग आई पदराने धरून शेगडी घेऊन बाहेर आली आणि अंगणात ठेवून, आमच्याकडे न बघता आत गेली. श्रावणजींनी मागचं पोतं ओढून काढलं आणि ताटीवर पाणी मारत राहिले. मी विहिरीवरून बादल्या आणत होतो. एक, दोन, पाच. कितवीला ते आठवत नाही, पण मुलगा रडला. मोठ्याने, चिडून रडला. मी बादली तिथेच टाकली आणि भिंतीला टेकून खाली बसलो.

संध्याकाळपर्यंत तो दोनदा प्याला. मालतीचं डोकं हलकं झालं. श्रावणजी हत्यारं गोळा करत होते तेव्हा आई बाहेर येऊन ओसरीच्या पायरीवर बसली.

"भाऊ," ती म्हणाली, "माह्ये सातातले चारच राह्यले. तीन गेले. तिन्ही उन्हाळ्यातले. असेच निपचित पडले व्हते. ते शेगडीनं गेले का?"

मी श्रावणजींकडे बघायचं टाळलं. कोंडलेल्या खोलीतला कोळशाचा धूर वर माती आहे की टिन हे बघत नाही, एवढं आता मला कळत होतं. त्यांना ते माझ्या कितीतरी आधीपासून कळत असणार.

"नाई, माय," ते लगेच म्हणाले. "तुमचं घर धाब्याचं होतं."

"हो," आई म्हणाली. "धाब्याचंच होतं."

तिने डोळे पुसले आणि नातवाला घ्यायला आत गेली.