जहाजाची उजवी बाजू

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी स्वतःचाच राग येतो. दोन हजार सालानंतरची ती पहिली दोन-चार वर्षं. गोंदिया जिल्ह्यात, इटियाडोहच्या बाजूला, एका मोठ्या तलावाकाठच्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. साताऱ्याकडून नुकताच बदलून आलेलो. अर्धे कर्मचारी कायम देवरीकडच्या जंगलात बंदोबस्तावर. उरलेल्यांत समन्स, वॉरंट, टपाल, सगळं ओढायचं.

एके सकाळी हजेरी आटोपत असताना सत्तरीचे एक गृहस्थ काठी टेकत आले आणि म्हणाले, "साहेब, माझं जहाज चोरीले गेलं."

ठाणे अंमलदार हसला. मीही हसलो, ते लपवत नाही. समुद्र कुठे आणि आमचं ठाणं कुठे!

"खेळणं का?" मी विचारलं.

"खेळणं नाही. जहाज."

गावात त्यांना मिस्त्रीबाबा म्हणत. मुंबईच्या गोदीत तीस वर्षं सुतारकाम करून ते गावी परतले होते. बायको वारल्यावर एकटेच राहत. सहा वर्षं खपून त्यांनी शिवणीच्या लाकडाचं, तीन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज बांधलं होतं. आधी कणा, मग फासळ्या, मग गरम पाण्यात भिजवून वाकवलेल्या पातळ फळ्या. शिडं जुन्या धोतराची. दोर ओढायच्या कप्प्या तुरीच्या डाळीएवढ्या, आणि प्रत्येकीला भोक पाडलेलं. हे सगळं त्यांनी मला उभ्या उभ्या सांगितलं. माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

"दुसरं बनवा की बाबा," मी म्हणालो.

"कशानं बनवू? चार दिवस पोरीकडे राहून डोळे दाखवाचे म्हणून नागपूरले गेलो होतो. डॉक्टर म्हणे, आता काही उपाय नाही, आहे तेही जाईल. मग थांबून काय करू? काल परत आलो, तर जहाज नाही."

आता मात्र मला खुर्ची पुढे करावीशी वाटली. फिर्याद लिहून घेतली. राहत्या घरातली चोरी, कलम तीनशे ऐंशी. दाराला नुसती कडी होती. संशय कोणावर, या रकान्यात त्यांनी 'कोणावरही नाही' असं लिहायला लावलं.

ते गेल्यावर हवालदार जवळ आला. तो इथलाच, माणसं ओळखणारा. म्हणाला, "साहेब, तलावावर मासे धरणारा एक ढीवर दोन-तीन वर्षांपासून रोज दुपारी बाबाकडे जाऊन बसते. दोरकाम शिकला त्यांच्याकडून. बाबा परत आले, पण हा काही तिकडे फिरकला नाही." संध्याकाळपर्यंत आमच्या खबऱ्यानेही तेच नाव दिलं. चहाची टपरी चालवणारा हा खबऱ्या. त्याच्या जिभेला हाड नव्हतं, पण डोळे पक्के होते. बाबा नागपूरला गेले त्या दिवशी भरदुपारी तो ढीवर जाळ्यात गुंडाळलेलं काहीतरी मोठं छातीशी धरून तलावाच्या बांधाकडे, पाळीकडे जाताना त्याने पाहिला होता.

मला वाटलं, झालं, गुन्हा उघडकीला आला. दुसऱ्या दिवशी त्याला उचलून आणला.

चाळिशीचा, काटक, खाली मान घालून बसणारा माणूस. "जहाज कुठं आहे?" गप्प. "कुणाला दिलंस?" गप्प. "तू नेलंस की नाही?" त्यावर त्याने एकदा मान वर केली, आणि पुन्हा खाली घातली. नाही म्हणेना, हो म्हणेना. तासभर हेच चाललं. सराईत चोर थापा मारतो, रडतो, देवाच्या शपथा घेतो. हा नुसता बसला होता. त्या गप्प बसण्याचा मला राग आला आणि मी त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली. गालाला हात लावून तो तसाच बसून राहिला.

हवालदाराने मला बाहेर बोलावलं. "साहेब, त्याची बोटं पाहिली का?"

पाहिली होती. नखांपर्यंत तपकिरी. मला वाटलं, तंबाखू.

"ऐनाच्या झाडाची साल आहे ती. आधी लोक सुताच्या जाळ्याले तिचा काढा देत. सूत सडत नाही, रंगही धरते. पण आता सारे जाळे नायलॉनचे. नायलॉनले कोणी साल लावते का? मंग हा सूत कायले रंगवून राहिला?"

मी सुपारीचं खांड तोंडात टाकणार होतो, ते हातातच राहिलं. चोरलेल्या मालाचे दोर रंगवत कोण बसतं?

दोन पंच घेऊन त्याच्यासोबत पाळीवर गेलो. त्याच्या जाळी ठेवायच्या खोपडीत, स्वच्छ पोत्यावर जहाज ठेवलेलं होतं. शेजारी सालीच्या काढ्याचं पातेलं, वाळत घातलेला दोरा, आणि जाळं विणताना सगळी घरं सारखी यावीत म्हणून ढीवर वापरतात ती बांबूची चपटी पट्टी.

जहाजाकडे मी प्रथमच नीट पाहिलं. डोलकाठ्यांना ताणून धरणारे दोर दोन्ही कडांना बांधलेले, आणि त्या दोरांवर आडवे दोरे गाठवून खलाशांना चढायच्या दोरशिड्या केलेल्या. डाव्या बाजूच्या शिड्या वेड्यावाकड्या होत्या. पायऱ्या कुठे चिकटलेल्या, कुठे सैल लोंबणाऱ्या. उजव्या बाजूच्या मात्र पट्टी लावून बांधाव्यात तशा, एकसारख्या. शेवटची एक अर्धी राहिली होती.

"बोल आता," मी म्हणालो. आवाज आपोआप खाली आला होता.

"बाबाले दिसत नाही साहेब. शेवटच्या शिड्या साऱ्या चुकून राहिल्या होत्या. त्यायनंच मले गाठ शिकवली. मी कसा सांगू, बाबा, तुमची गाठ चुकली म्हणून? चार दिवस येणार नव्हते. तेवढ्यात नीट करून ठेवून देतो म्हटलं. ते दुसऱ्याच दिवशी आले. असं खोललेलं जहाज कसं नेऊन देऊ?"

"मग ठाण्यात का नाही बोललास? मार कशाला खाल्लास?"

"तुम्ही लिहून घेता ना," तो म्हणाला. "मंग बाबाले वाचून दाखवता."

नोकरीत मी अनेक जबाब लिहिले. इतका खरा जबाब दुसरा ऐकला नाही, आणि तोच कागदावर घ्यायचा नव्हता. मला त्याच्या डोळ्यांकडे पाहवेना.

दुपारी मिस्त्रीबाबांना मुद्देमाल ओळखायला बोलावलं. जहाज माझ्या टेबलावर ठेवलं. ढीवराला मी दाराशी उभा केला होता. बाबांना ठरवून सांगितलं, "पाळीवर सापडलं. चोर टाकून पळाला असावा." पोलिसाला खोटं पकडता येतं, बोलता येतंच असं नाही.

बाबांनी काठी टेबलाला टेकवली आणि जहाज हातांनी पाहायला सुरुवात केली. कणा, कडा, डोलकाठ्या. बोटं उजव्या दोरशिडीवर आली आणि थांबली. एकेक पायरी चढत वर गेली, खाली आली. मग डाव्या बाजूला गेली. तिथे ती फार वेळ राहिली.

"ओळख पटली का बाबा?" मी विचारलं.

"माझंच आहे," ते म्हणाले. मग दाराच्या दिशेने तोंड वळवून म्हणाले, "आहेस ना गा तिथं? डावी बाजू काऊन सोडली?"

ढीवर ओठ चावत होता. "साहेबानं धरून आणलं ना," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"मंग चाल घरी. तू बांध, मी दोरा धरतो."

मी सगळ्यांसमोर त्या ढीवराला म्हणालो, "माझं चुकलं. हात उचलायला नको होता." तो गोंधळून बाबांकडे पाहायला लागला. वर्दीतला माणूस माफी मागतो तेव्हा काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून प्रकरण बंद करायचा, 'सी' समरीचा अहवाल पाठवला. वरून विचारणा झाली, गैरसमज नेमका कोणाचा? मी लिहिलं, तपासी अधिकाऱ्याचा.

संशयित गप्प बसला की तो स्वतःला वाचवतोय, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण त्यानंतर कोणी समोर गप्प बसला, की मी हात मागे बांधायचो आणि मनाशी आधी विचारायचो, हा कोणाला वाचवतोय?