सरकारी किडे

ऑफिसचा एक किस्सा सांगायला घेतला की त्याच्या मागून चार येतात, आणि आमच्या सुरतेच्या ऑफिसचे तर दहा येतात. खातं केंद्र सरकारचं, कृषी, त्यातही पीक संरक्षणवालं. काम काय, तर मित्रकिडे वाटायचे. म्हणजे पिकावरच्या शत्रूकिड्यांची अंडी फस्त करणारे बारीक किडे सरकारनं वाढवायचे आणि शेतकऱ्यांच्या शेतात सोडायचे. नव्वद सालाच्या पुढे-मागे हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी माझ्याकडे बघायचा, मग घड्याळाकडे.

ऑफिसात माणसं तीन. कुलकर्णी साहेब, ड्रायव्हर आबा आणि टेक्निकल असिस्टंट म्हणून मी. एक दिवस दिल्लीहून पत्र आलं: या हंगामात मित्रकिड्यांवर वाचवलेलं एक तरी शेत दाखवा, नाहीतर ऑफिस दुसऱ्या राज्यात हलवू. नवरा सुरतेत बँकेत. चार वर्षं बदल्यांत फिरून मी नुकती कुठे त्याच्या गावात आले होते. मुलगी तर मला बघितलं की अजून "परत कधी जाणार?" असंच विचारायची. काहीही करून हे ऑफिस राखायचं, मी ठरवूनच टाकलं.

*

पहिली सभा कामरेजला, ऊसवाल्या शेतकऱ्यांची. साहेब पुण्याचे. त्यांचं गुजराती म्हणजे मराठीच्या शेवटी 'छे'. "किडी बहु खराब छे. किडी ऊस खाय छे." अर्धा तास हेच. लोक एकमेकांची तोंडं बघायला लागले. शेवटी भीखुभाई नावाचे एक वयस्कर शेतकरी उठले. "साहेब, कीडी तो खांड खाय. शेरडी क्यारे खाधी?"

आबा मूळचे धुळ्याकडचे, राहायला बमरोलीत, आणि घाबरले की थेट अहिराणीवर यायचे. ते मागून पुढे धावले. "साहेब, गुजरातीमा कीडी म्हंजे मुंगी शे!"

म्हणजे साहेब अर्धा तास मुंग्या ऊस खातात म्हणून सांगत होते, आणि भीखुभाई विचारत होते, मुंगी खाते साखर, तिनं ऊस कधी खाल्ला? सभा हसून लोळली. पण भीखुभाईंनी तिथल्या तिथे आपल्या उसाच्या शेताचा एक तुकडा आम्हाला देऊन टाकला. म्हणाले, मुंगीला इतका घाबरणारा साहेब आहे, त्याला कुणीतरी आधार द्यायला हवा.

*

आता मित्रकिडे वाढवायचे तर त्यांना खायला दुसऱ्या किड्यांची अंडी लागतात. ती देतो धान्यातला पतंग. कुठलीही बाई जो चाळून फेकून देते, तो आम्ही ज्वारीच्या भरड्यात लाडाकोडात पाळायचो. सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

आणि नेमके हंगामाच्या तोंडावर आमचे पतंग मेले. सगळे. मी घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई रिक्षा करून ऑफिसात हजर, हातात स्टीलचा डबा. साहेबांच्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "ज्वारीला कीड लागलीय. फेकणार होते, म्हटलं सरकारच्या कामी येईल. घरचे आहेत, भेसळ नाही."

त्या डब्यातल्या पतंगांवर आमचा अख्खा हंगाम निघाला. साहेब त्यांना पुढे कायम वाकून नमस्कार करायचे.

*

मित्रकिडे आत वाढत असलेली पतंगाची अंडी एका कार्डावर चिकटवलेली असतात. दिसतं ते पॉलिश पेपरसारखं. कार्ड पानाखाली लावायचं, किडे बाहेर पडतात. पहिल्या खेपेला आमची जीप रेल्वे फाटकात तासभर अडकली. ऊन म्हणजे ऊन. बर्फाच्या डब्यातलं बर्फ संपलं आणि किडे जीपमध्येच बाहेर पडायला लागले. धुळीच्या कणाएवढाले. साहेब ओरडले, "काचा वर!" त्या उन्हात काचा लावून आम्ही तिघं बसलो. साहेब तर नाकाला रुमाल लावून, एखादा आत ओढला जाईल म्हणून.

भीखुभाईंच्या उसात जीप नेऊन आबांनी चारी दारं उघडली आणि एसटीच्या कंडक्टरसारखी हाक दिली, "चला, उतरा. कामरेज उनं!"

*

महिन्याभरानं आबा सांगत आले, "ताई, भीखुभाईनं पंप भरलाय." औषध मारलं असतं तर शत्रूही मेले असते आणि आमचेही. मी तशीच धावले. भीखुभाई पाठीवर पंप घेऊन बांधावर उभे. उसाचे काही पोंगे, म्हणजे मधले कोंब, वाळले होते, आणि गाव त्यांना हसत होतं. एकानं तर आमचं एक कार्ड पळवून म्हशीच्या गोठ्याला लिंबू-मिरचीसारखं टांगलं होतं.

"बेन, माझा ऊस जाईल," ते म्हणाले. ऑफिस त्यांचं नव्हतं, ऊस मात्र त्यांचा होता. मी पानाखालची खोडकिड्याची अंडी शोधली, पान तोडलं आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. अंडी काळी पडली होती. म्हणजे आमचा किडा आत शिरलेला. त्यांनी भिंगाला डोळा लावला. एका काळ्या अंड्यातून धुळीच्या कणाएवढा किडा बाहेर पडत होता.

"आ तो अंदरथी नीकळ्युं," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी पंप उतरवून ठेवला आणि दुसरं पान उलटं केलं.

*

आणि ऊस आला. काय आला म्हणून सांगू! आजूबाजूच्या फवारलेल्या उसापेक्षा सरस, उंच, गच्च. गाव बघायला लोटलं, आणि दिल्लीचे मोठे साहेबही आले. आमचं ऑफिस सुरतेत कसं राहिलं म्हणून लोक विचारतात. ते राहिलं त्या दिवशीच्या एका वाक्यावर.

मोठ्या साहेबांनी छापील फॉर्म काढला. "फसल बचाने में विभाग की क्या भूमिका रही?"

भीखुभाईंनी विचार केला. "कुछ नहीं किया, साहेब. मेरे को भी कुछ करने नहीं दिया."

कुलकर्णी साहेबांचा चेहरा पांढरा पडला. आबा आभाळाकडे बघायला लागले.

मोठ्या साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "तो फिर इस ऑफिस को यहाँ से हटा दें?"

"अरे ना, ना," भीखुभाईंनी त्यांचा हातच धरला. "ये लोग चले गये तो हम फिर कुछ कर बैठेंगे, साहेब."