चिकाचा डाग

मेहरुन सिस्टरचं आणि माझं पहिलं खरं बोलणं म्हणजे भांडण होतं, आणि ते मीच सुरू केलं. खोटं कशाला सांगू?

मी प्रमिला. माहेर नरडाण्याचं, सासर यावलचं. इतकी वर्षं झाली तरी राग आला की तोंडातून माहेरची बोलीच आधी बाहेर पडते. आमचे मालक, हिलाल नाना, केळीबागेत जन्मले असं म्हटलं तरी चालेल. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्या बसल्या. बाग भाच्याच्या हवाली केली आणि आठवड्यातून दोनदा सकाळच्या एसटीनं जळगावला डायलिसिसला जाणं सुरू झालं.

त्या डायलिसिसच्या खोलीत डॉक्टर येऊन जातात, राज्य मेहरुन सिस्टरचं. ती मूळची यावलचीच. बाप इसाकभाई केळीचे घड ट्रकमध्ये भरायचा. पोरगी नर्सिंग शिकली, चार वर्षं पिंपळनेरकडच्या पाड्यांवर हगवणीच्या पोरांना साखर-मीठ-पाणी पाजत फिरली, मग इथं आली. चाळिशीची, बुटकी, आणि जिभेला हाड नाही. माझ्या लेकीच्या वयाची म्हणून मी तिला अगं-तुगं करते. ती मला काकू म्हणते.

गेल्या गेल्या चपला काढायच्या आणि काट्यावर उभं राहायचं. ‘‘नाना, गेल्या वेळेपासून तीन किलो वाढले. विहीर प्यायलात की काय?’’ किडनी बंद म्हणजे प्यालेलं पाणी बाहेर जात नाही, अंगातच साठतं. आधी पाय सुजतात, मग पाणी छातीत चढतं. म्हणून तिनं आमच्या घरचा तांब्या मागवला आणि त्यावर नेलपेंटनं लाल रेघ मारून दिली. दिवसभराचं पाणी, चहा, डाळ, सगळं मिळून त्या रेघेपर्यंत. ऐन मे महिन्यात, यावलच्या उन्हात! मी मनातल्या मनात तिचा उद्धार केला. पण रेघ पाळली.

दुसरी गोष्ट पोटॅशियमची. तीही तिनं पहिल्याच दिवशी सांगितली होती. ‘‘नाना, घड भरावा म्हणून केळीला पोटॅशच्या गोण्या टाकता ना? तोच पोटॅश केळात उतरतो. धड किडनी जास्तीचा बाहेर टाकते, तुमची टाकत नाही. रक्तात वाढला की हातपाय गळतात आणि काळीज चालता चालता थांबतं. केळं बंद.’’

यावलच्या माणसाला केळं बंद! नाना दोन दिवस तोंड पाडून बसले. पण त्या दिवसापासून आमच्या उंबऱ्याच्या आत केळं आलं नाही. भाजीतलाही पोटॅश जावा म्हणून ती चिरून, उकळून, ते पाणी ओतून देऊन मग फोडणीला टाकायची. शहाळ्यातही तोच, म्हणून बघायला आलेल्यांची शहाळी मी दारातूनच परत केली आणि गावात वाईटपणा घेतला.

आणि एवढं करून या एप्रिलात रिपोर्टातला पोटॅशियमचा आकडा वाढायला लागला. पाच, साडेपाच, सहाच्या वर. सिस्टर एक दिवस सगळ्यांदेखत म्हणाली, ‘‘नाना, चोरून कोण खातंय?’’

माझं डोकं फिरलं. ‘‘खोटा आळ काबर लेस वं? मन्हा घरमा एक केळ येत नही!’’

खोलीतले सगळे पेशंट माना वळवून बघायला लागले. डॉक्टर हसून म्हणाले, ‘‘असं सगळेच म्हणतात, आजी.’’ सिस्टरनं माझ्याकडे नीट बघितलं. ‘‘नाही सर. ही बाई वाकडं बोलते, खोटं बोलत नाही. केळं नसेल तर दुसरं काहीतरी पोटात जातंय.’’ वाकडं बोलते म्हणाली याचाच राग घेऊन मी घरी गेले. पुढचं वाक्य डोक्यात शिरलंच नाही.

चार दिवसांनी नानांना एसटीची पायरी चढवेना. पाय उचलेचना. कंडक्टरनं काखेत हात घालून वर घेतलं. दवाखान्यात पोचलो तर सिस्टरनं ना काटा पुढे केला, ना टोमणा मारला. नुसती नाडी धरून घड्याळाकडे बघत राहिली. 

‘‘बेडवर घ्या. ईसीजी. सरांना बोलवा, पळा!’’

पट्टीवर भाल्यासारखी टोकं उठली होती. आकडा सातच्या वर गेला होता. तिनं शिरेतून कॅल्शियमचं इंजेक्शन द्यायला घेतलं, अगदी हळूहळू, नजर पडद्यावरून न हलवता. मी दाराशी उभी राहून देवाला नवस बोलत होते. नाना मरतात की काय, दुसरा विचारच नव्हता. मशीन सुरू झालं, पडद्यावरची रेघ जरा सरळ झाली, तेव्हा ती बाहेर आली.

‘‘आज मशीननं उतरेल काकू. पण घरी जे पोटात जातंय ते थांबलं नाही, तर पुढच्या वेळी तुम्ही इथं पोचणार नाही. आठवा. काय देता?’’

‘‘भाकर, उकळलेली भाजी, आणखी काय देऊ माय?’’

ऐकता ऐकता ती खाली वाकली. माझ्या पदराकडे बघत होती. तिनं पदराचं टोक हातात घेऊन अंगठ्यानं चोळलं.

‘‘हा केळीचा चीक आहे. माझ्या अब्बांचे सगळे सदरे असेच होते. अम्मीनं लिंबू लावलं, घासलेट लावलं, डाग गेला नाही. पण हा जुना नाही, या धुण्यानंतरचा आहे. बाग तर भाचा बघतो ना? मग तुम्ही केळीचा खांब कशाला कापला?’’

मी सरळ सांगितलं. लपवण्यासारखं काही केलंय असं मला वाटतच नव्हतं. शेजारच्या झुंबरबाईच्या भावाचा मुतखडा केळीच्या खांबाच्या, म्हणजे खोडाच्या, रसानं पडला होता. किडनी धुऊन निघते म्हणाली. मग मी उजाडायच्या आत बागेत जायची, कापणी झालेला खांब सोलून आतला गाभा काढायची, पाट्यावर वाटायची, फडक्यातून पिळायची. नानांना अनशापोटी पेलाभर. एकवीस दिवसांचा नेम होता, त्या दिवशी सतरावा होता. आणि हो, तो पेला मी तांब्याच्या रेघेत मोजून द्यायची. तेवढं पाणी कमी करायची. इतकी मी नेमाची!

‘‘या अल्ला,’’ ती म्हणाली. ‘‘काकू, जमिनीतला पोटॅश घडापर्यंत कुठून चढतो? त्या खांबातूनच ना?’’

पन्नास वर्षं केळीत काढलेली बाई मी. मला हे कळू नये? मी तिथंच फरशीवर बसले. ‘‘बठ्ठं मन्हंच करेल शे व माय. मन्हाच हातवरी मारत होती मी त्यासले.’’

तिनं मला उठवलं नाही. शेजारी खाली बसली, धुतलेल्या कपड्यांनिशी. ‘‘माझंही चुकलं. मी दर वेळी काय खाता विचारलं. औषध म्हणून दुसरं काय घेता, हे एकदाही विचारलं नाही. आता रडू नका. पेला केवढा, किती दिवस, सगळं सांगा, सरांना लिहून द्यायचंय.’’ मी नाक पुसलं आणि सांगितलं.

दुपारी मशीन संपत आलं तेव्हा नानांनी पायाची बोटं हलवून दाखवली. मी त्यांच्या उशाशी बसून सगळं कबूल केलं. ते आपल्या पायांकडे बघत होते. मग म्हणाले, ‘‘तिसऱ्या-चौथ्या दिवसापासूनच पाय जड व्हायला लागले होते. रसानंच होतंय असं वाटायचं.’’

‘‘मग बोलले काबर नहीत?’’ मी ओरडलेच.

‘‘तू अंधारात बागेत जायचीस. हात काळे करून यायचीस. पेला पुढं धरून उभी राहायचीस. कसं नको म्हणू?’’

मी भरल्या खोलीत तोंडात पदर घालून रडले, त्याच डागाच्या पदरात. सिस्टर नळ्या काढत होती. तिचेही डोळे भरले होते, पण आवाज तोच. ‘‘नाना, काकूंनी अमृत आणलं तरी आधी मला विचारायचं. समजलं?’’

नाना ‘हो’ म्हणाले, आणि ते म्हणजे शब्दाचे पक्के.

हल्ली नवा पेशंट आला की सिस्टर आधी विचारते, पाला, काढा, रस, घरचं औषध काय घेता? कुणी चाचरलं की मला हाक मारते. मी ती साडी मुद्दाम डायलिसिसच्या दिवशीच नेसते. पदर दाखवते आणि सगळं सांगते, माझी लाज धरून न ठेवता.

घरी मात्र माझं अवघड झालंय. ज्या माणसानं पन्नास वर्षं माझ्या हातचं निमूट खाल्लं, तो आता पेला हातात घेतो, आत बघतो आणि विचारतो, ‘‘मेहरुनला विचारलं?’’ काल साध्या ताकालाही विचारलं. अस्सा राग येतो मला! चार शब्द सुनावते, फणकाऱ्यानं आत जाते. आणि फोन लावते.