पिवळा दिवा आणि तिचा उजवा हात

डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, पक्षाघातानंतरचे पहिले महिने सोन्याचे. त्या दिवसांत व्यायाम मिळाला तर हात बराचसा परत येतो, नंतर देवाची मर्जी. व्यायाम करून घेणारी मुलगी स्टेशनच्या पूर्वेला, तुळिंजला बसायची आणि आम्ही राहतो पार पश्चिमेला, वाडीत. बायकोचा उजवा पाय वाकत नव्हता. तिला रिक्षात चढवणं म्हणजे लाकडी कपाट चढवणं. राहिली आमची जुनी गाडी. आणि त्या गाडीत, स्टीअरिंगमागच्या काट्यांच्या शेजारी, इंजिनाच्या चित्राचा एक पिवळा दिवा पेटला होता तो काही केल्या विझायला तयार नव्हता.

एरवी मला त्या दिव्याचं काही वाटलं नसतं. खरं सांगायचं तर तेव्हा मला कशाचंच काही वाटत नव्हतं. माणसं भेटायला यायची, रोजरीची प्रार्थना म्हणायची, "धीर सोडू नको" म्हणायची. मी हो हो म्हणायचो आणि चहाचं आधण ठेवायचो. तिला भरवायचो, पुसायचो, कुशीवर वळवायचो. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, तेव्हा गाल असतो आपलाच पण लागत नाही, तसं माझं झालं होतं. रडू येत नव्हतं, राग तेवढा यायचा. राग मला जन्मापासून येतो.

पण ऐन पावसाळ्यात एकदा तिची तपासणी करून हायवेने परत येताना चिंचोटीजवळ गाडीने आचके दिले आणि मेली. धबधब्यावर निघालेल्या बाइकवाल्यांची ही गर्दी! मागून नुसते हॉर्न. गाडी ओढून नेणारा टोचनवाला येईपर्यंत ती पुढच्या सीटवर तशीच बसून होती, आणि तिचा लघवीवर ताबा राहिला नाही. एक पोरगा काचेतून डोकावला, बघितलं, तोंड फिरवून गेला. ती समोर बघत राहिली, त्या पिवळ्या दिव्याकडे. घरी आल्यावर मी साडी बदलली तेव्हासुद्धा तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर ती गाडीत बसेना. तिचे शब्द गेले होते, एक तेवढा राहिला होता, "नाय". मी दार उघडून धरायचो, ती वाकून आधी दिवा बघायची आणि म्हणायची, "नाय." चूक तरी काय तिची? मी तिच्या जागी असतो तर गाडीला काडी लावली असती.

गाडी मी तुळिंजच्याच एका गॅरेजवाल्याकडे टाकली होती. त्याने गॅस भरून घेतला, कारण त्या दिवशी गॅस संपला होता. आमच्या गाडीला गॅसचं किट आहे, गॅस संपला की ती आपोआप पेट्रोलवर जाते. "पेट्रोल आहे ना अंकल?" त्याने विचारलं. मी म्हटलं, आहे की, अर्धी टाकी आहे. मग त्याने स्कॅनर लावला, म्हणाला, "सेन्सर गेलाय." सेन्सर बदलला, दिवा गेला, आणि मी घरी पोचायच्या आत परत हजर. मग वायरिंग बघितलं. उंदरांनी कुरतडलं असेल म्हणे, वाडीत उंदीर असतात. वायर नवीन टाकली, दिवा पुन्हा आला. गावातल्यांचे सल्ले तर विचारू नका. एक म्हणतो बॅटरी काढून परत लाव, दुसरा म्हणतो फादरांना बोलावून पुन्हा आशीर्वाद घे. मी म्हटलं, बाबांनो, फादरांची स्वतःची स्कूटर सुरू होत नाही.

या सगळ्यात आठवडे निघून जात होते. तिचा उजवा हात मांडीवर पडलेला असायचा, बोटं हळूहळू आत वळायला लागली होती. मी ते रोज बघत होतो. बघत होतो आणि तिची कुस्करलेल्या केळ्याची वाटी धुऊन पालथी घालत होतो.

शेवटी गॅरेजवालाही कंटाळला. म्हणाला, "अंकल, बल्बच काढून टाकतो. आंटीला दिवा दिसला नाही म्हणजे झालं ना?"

मी म्हटलं, "काढ."

गाडी अंगणात आणली, तिला धरून धरून बाहेर आणलं, सीटवर बसवलं, पाय उचलून आत घेतला. "बघ, गेला एकदाचा," मी म्हटलं आणि चावी फिरवायला लागलो. तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. थांब, अशा अर्थाने. चावी अर्धीच फिरलेली होती. अशा वेळी गाडीतले सगळे दिवे एकदा पेटतात, बॅटरीचा, ऑइलचा, ब्रेकचा, इंजिनाचासुद्धा, आणि इंजिन सुरू झालं की विझतात. ही गाडी वर्षानुवर्षं तिने चालवली आहे. शाळेत शिकवायला ती हीच घेऊन जायची. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर तिने सोडली म्हणून स्टीअरिंग माझ्या हातात आलं. सगळे दिवे पेटले होते. इंजिनाची जागा काळी होती. तिने त्या काळ्या जागेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नाय," ती म्हणाली. या वेळी त्यात भीती नव्हती. ती चिडली होती.

माझं डोकंच फिरलं. "मग काय करू मी? सेन्सर झाला, वायर झाली, आता आणखी काय करू? तूच सांग!" आवाज इतका चढला की बावखलाच्या पाण्यावर भांडी घासणारी शेजारची वहिनी उठून उभी राहिली. मी रागारागात गाडी सुरू केली. ती माझ्या बाजूला कलली, डावा हात लांब केला आणि स्टीअरिंगजवळचं गॅस-पेट्रोलचं छोटं बटण दाबलं. गाडी गॅसवरून पेट्रोलवर गेली, थरथरली, दोन आचके दिले आणि मेली. अगदी चिंचोटीसारखी. मग तिने पेट्रोलच्या काट्यावर बोट ठेवलं आणि ते तिथेच ठेवलं.

मला उलगडायला वेळ लागला. ती चालवायची तेव्हा सकाळी गाडी पेट्रोलवर सुरू करायची, आणि येताना क्रुसाच्या वळणापासून घरापर्यंत पुन्हा पेट्रोलवर आणायची. मी चिडवायचो, "श्रीमंत बाई आमच्या!" गाडी माझ्याकडे आली आणि मी सगळं गॅसवरच सुरू केलं. पेट्रोलवर ती कुरकुरायला लागली, तर एका रिक्षावाल्याने शिकवलं, बटण दाबून धरा, थेट गॅसवर सुरू होते. झालं! अर्धी टाकी पेट्रोल तेव्हापासून तसंच पडून, नासत. गॅरेजमध्येही मी माझ्या सवयीनेच सुरू करून दाखवायचो. यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. आणि तिला तर कोणी विचारलंच नव्हतं. आम्ही दोघे पुरुष तिच्या गाडीवर बोलत बसायचो आणि ती खिडकीत बसून ऐकायची.

टाकी रिकामी केली तर पेट्रोल कोऱ्या चहाच्या रंगाचं निघालं, जुन्या ऑइलपेंटसारखा वास. पंपाची जाळी बरबटलेली, दिवा पेटत होता तो त्यामुळे. सगळं साफ करून घेतलं आणि बल्ब परत बसवायला लावला. तिला बसवलं, चावी अर्धी फिरवली आणि थांबलो. सगळे दिवे पेटले, इंजिन सुरू झालं, सगळे विझले. तिने स्वतःहून पट्टा ओढला, तो लावायला मात्र मी मदत केली.

तुळिंजला व्यायामवाल्या मुलीने तिचा हात उचलला, फिरवून बघितला, बोटं उघडली. सोडल्याबरोबर ती परत मिटली. मुलीने पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. मग ती बायकोच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून हळू आवाजात बोलायला लागली, "काका, पायाचं होईल. हाताला मात्र उशीर झाला. आता बोटं पूर्ण उघडतील असं..."

माझी मान हलायला लागली होती. महिनोन् महिने ती अशीच हलत होती, डॉक्टरांपुढे, फादरांपुढे, गॅरेजवाल्यापुढे.

"मला काय सांगतेस?" मी म्हटलं. "तिला सांग ना. हात तिचा आहे."

मुलगी गोरीमोरी झाली. पण तिने स्टूल ओढलं, बायकोच्या समोर बसली आणि तिच्या डोळ्यांत बघून एकेक वाक्य सावकाश सांगितलं. बायकोने शेवटपर्यंत ऐकलं. मग डाव्या हाताने स्वतःची उजवी मूठ उघडून बघितली, आणि ती मिटताना बघितली. आजारी पडल्यापासून ती रडली नव्हती. ती रडायला लागली, मोठ्याने, तोंड वाकडं करून. आणि मला दुखलं. छातीत, घशात, सगळीकडे दुखलं. मी तिच्या शेजारी खाली बसलो आणि मीही रडलो. दार उघडंच होतं, बाहेर बाकावर बसलेले पेशंट बघत होते. बघू देत.