पिवो

बिअरच्या कडू वासानं मला कुवेतच्या मिरकाब भागातलं चेक साहेबाचं घर आठवतं. भिंतीवर प्रागच्या किल्ल्याचं चित्र, एवढं अवाढव्य की अख्खं कुवेत त्यात भाड्यानं राहिलं असतं. साहेब अधूनमधून मोडकी हिंदीही फेकायचा. एका दुपारी फ्रिजकडे बोट दाखवून त्यानं आमच्या रत्नागिरीच्या नमाजी खानसाम्याला फर्मावलं, "पिवो." यानं ऐकलं, "पियो." "भाई, नाय म्हटलं तर नोकरी जाईल," असं माझ्या, म्हणजे ड्रायव्हरच्या, कानात पुटपुटून त्यानं डोळे मिटले नि बाटली रिकामी केली. साहेब असा हसला की बसऱ्यापर्यंत ऐकू गेलं असेल. त्यांच्या भाषेत पिवो म्हणजे बिअर; ती त्याला स्वतःलाच हवी होती. तेव्हापासून खानसामा मशिदीत शेवटच्या रांगेत, चपलांजवळ उभा राही. मी कुठलीही गोष्ट फुगवून सांगतो. ही आहे तेवढीसुद्धा घशाखाली उतरत नाही.